खाऱ्या वाऱ्यातील जुन्या वास्तू आणि आपला जीर्णोद्धार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एका कापड दुकानदाराने वास्तुरक्षणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी स्थापत्यविशारद नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु गेली चाळीस वर्षे व्यवसायानिमित्त रत्नागिरी, राजापूर, मालवण, पणजी या बाजारपेठांत माझे जाणे-येणे आहे. उधारीची वसुली हे काम असे आहे की, समोरचा गृहस्थ ‘दुपारी या’ म्हणाला की मधले तीन-चार तास आपल्या हाती रिकामे राहतात. त्या रिकाम्या तासांत मी किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती पाहत आलो. पुढे त्यांविषयी वाचले, गवंड्यांना आणि जाणकारांना विचारले. त्यातून जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो. विषय समुद्रकाठचा असला तरी त्याचा धागा आपल्या पंचगंगेच्या काठापर्यंत येऊन पोहोचतो, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेलेल्या बहुतेकांनी थिबा राजवाडा पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले. इतिहासाचा क्रूर योगायोग असा की, त्यापूर्वी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी रंगूनला धाडले होते. इकडचा बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे! थिबाने सुमारे चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढली. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. म्हणजे ज्याच्यासाठी ही वास्तू उभी राहिली, त्याला ती जेमतेम सहा वर्षे लाभली. आज ती राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तेथे संग्रहालय आहे.

या राजवाड्याकडे मी राजाच्या कथेपेक्षा भिंतींसाठी पाहतो. कोकणचा जांभा चिरा, वीट, ब्रह्मी सागवान, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्या. टेकडीवरून खाली खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. दिवसभर वारा खेळता राहावा अशी त्याची रचना आहे. विजेच्या पंख्याशिवाय कोकणातला मे महिना काढता यावा, हे ज्यांनी ती आखली त्यांना अवगत होते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आपल्या कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास असतो. त्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात ही इमारत शतकाहून अधिक काळ उभी आहे, आणि तिच्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी उभे राहिलेले सिमेंट काँक्रीटचे कित्येक सज्जे त्याच गावात सळया उघड्या टाकून लोंबत असलेले मी पाहिले आहेत. असे का व्हावे?

याचे उत्तर माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. कापूस घाम शोषतो आणि बाहेर टाकतो, टेरिलीन घाम आत कोंडते. मे महिन्यात टेरिलीनचा सदरा अंगात घालून कोणी मालवणच्या बाजारात हिंडला, तर सायंकाळी त्याच्या अंगावर काय उठते ते सर्वांना ठाऊक आहे. जांभ्याच्या भिंतीचेही तसेच आहे. जांभा हा छिद्रमय दगड आहे. खाणीतून काढताना तो पटाशीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. तो पावसाळ्यात पाणी पिणार आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ते बाहेर सोडणार. समुद्राकाठी त्या पाण्याबरोबर मीठही भिंतीत शिरते. पाणी जेथून हवेत उडून जाते तेथे मिठाचे स्फटिक धरतात, आणि हे स्फटिक वाढताना दगडाचे कण सुटे करतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो.

जुन्या लोकांनी यावर केलेली योजना अतिशय शहाणपणाची होती. भिंतीवर चुन्याचा गिलावा द्यायचा. तो दगडापेक्षा मऊ, आणि त्यातून हवा-पाणी आरपार जाते. त्यामुळे पाणी गिलाव्याच्या पृष्ठभागावर येऊन उडते, लोणा गिलाव्याला लागतो, दहा-वीस वर्षांनी गिलावा झडतो आणि भिंत शाबूत राहते. झडलेला गिलावा खरवडून नवा द्यायचा. गिलाव्याने झिजायचे आणि भिंतीने टिकायचे, अशी ती वाटणी होती. त्याच भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला की पाण्याची वाट बंद होते. ते भिंतीतून वर वर चढते आणि मीठ दगडाच्या पोटात साठते. बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. लोखंडी सळईची गत याहून वाईट. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो.

हे केवळ पुस्तकातले ज्ञान नाही. रत्नागिरीच्या बाजारपेठेतील माझ्या एका व्यापारी स्नेह्यांचे आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे घर आहे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळे सर्व उत्तम दिसले. तिसऱ्या पावसाळ्यात दुकानातील कापडाच्या ठाणांना, म्हणजे मीच पाठविलेल्या मालाला, कुबट वास येऊ लागला. मांडणीमागची भिंत हाताला ओली लागे. ठेकेदाराने वरून जलरोधक रंगाचे आणखी दोन हात दिले आणि त्याचे पैसे घेतले. पुढे एका वयस्क गवंड्याने छिन्नीने हातभर गिलावा उडवून दाखविला. आतला चिरा बोटाने खरवडला जात होता, तांबड्या भुकटीसारखा. त्या गवंड्याने सबंध गिलावा काढायला लावला, एक उन्हाळा भिंती उघड्या ठेवून सुकविल्या, पोखरलेले चिरे तेवढे बदलले आणि चुन्यात दर्जा भरून चुन्याचाच गिलावा दिला. खर्च झाला, दुकान दोन महिने अर्धे बंद राहिले. मात्र ते दुकान आज कोरडे आहे, आणि माझा माल परत येत नाही!

आता सार्वजनिक कामाचे एक मोठे उदाहरण घेऊ. पणजीसमोर, मांडवीच्या उत्तर तीरावर, रेइश मागूशचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५५१ मध्ये बांधला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याची पुनर्बांधणी झाली. विसाव्या शतकात त्याचा तुरुंग झाला. गोवा मुक्तिसंग्रामातील सैनिकांनीही तेथे बंदिवास भोगला. १९९३ मध्ये तुरुंग बंद झाला आणि किल्ला पावसाच्या स्वाधीन झाला. कोकण-गोव्यात छप्पर गेलेल्या वास्तूचे काय होते ते आपण जाणता. कौले सरकली की वासे कुजतात, वासे पडले की भिंतीच्या माथ्यातून पाणी उतरते, आणि त्या पाठोपाठ पिंपळ येतो.

पुढे लंडनचा हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इन्टॅक ही आपल्या देशातील वारसा-संवर्धन संस्था आणि गोवा शासन यांनी मिळून हे काम हाती घेतले. वास्तुविशारद होते जेरार्ड द कुन्हा, ज्यांनी बंगळुरूजवळचे नृत्यग्राम आणि गोव्यातील घरांचे संग्रहालय उभारले. २००८ मध्ये काम सुरू झाले आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. आज तेथे सांस्कृतिक केंद्र आहे आणि मारियो मिरांडा यांची चित्रे लावलेली आहेत. मला या कामात दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, सांस्कृतिक केंद्र हवे म्हणून नवी इमारत बांधली नाही, टाकून दिलेल्या तुरुंगाला कामाला लावले. दुसरी, एका धर्मादाय न्यासाने आपल्या नावाची नवी वास्तू न उभारता सातासमुद्रापलीकडच्या जुन्या भिंतींवर पैसा खर्च केला. आपणही न्यासच चालवतो. म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम सांगितले.

या सगळ्याचा पर्यावरणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. येथे मी वही उघडतो. जगात माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातील सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून जातो. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याची सुमारे ९०० अंशांवर भागते. चुनखडी भाजतानाही तो वायू निघतोच, हे लपवून चालणार नाही. परंतु चुन्याचा गिलावा वाळताना आणि पुढे वर्षानुवर्षे हवेतून त्यातील बराच भाग परत शोषून घेतो. किंबहुना त्यामुळेच तो घट्ट होतो. आणि याहून मोठी रक्कम जमेच्या बाजूस आहे ती अशी की, उभ्या भिंतीतला चिरा एकदा खणून, वाहून, तासून झालेला आहे. त्यावरचे इंधन आणि घाम आपल्या पूर्वजांनी कधीच खर्ची घातले. ती भिंत पाडणे म्हणजे वापरात असलेले भांडवल स्वतःच्या हाताने निर्लेखित करणे, वर त्याचा राडारोडा उचलण्याचा खर्च वेगळा.

चिऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नवा चिरा येतो कोकणातल्या सड्यांवरून. त्याच सड्यांच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. पावसाळ्यात तेच सडे इवल्या रानफुलांनी भरून जातात. प्रत्येक नवी चिरेखाण त्या सड्याचा एक तुकडा कायमचा घेऊन जाते. जुन्या घराचे हजार चिरे पुन्हा वापरले, तर तेवढा सडा वाचला.

पाण्याचा हिशेब तर तोंडी करता येतो. शंभर चौरस मीटरचे उतरते छप्पर आणि तीन मीटर पाऊस, म्हणजे एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत हे पाणी पन्हळीतून सरळ समुद्राकडे जाते. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत पन्हळी, टाके आणि विहिरीचे पुनर्भरण यांचा समावेश केला, तर मूळ रूपाला धक्का न लावता हे साधते. सौरपट्ट्याही मागल्या उतारावर, रस्त्यावरून न दिसतील अशा बसविता येतात.

आता चुन्याविषयी थोडे, कारण हा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. चुना आणला आणि लावला असे होत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात मुरत ठेवायचा, मग वाळूबरोबर घाणीत मळायचा. दगडी चाक, बैल आणि गोल चर असलेली ती घाणी आमच्या लहानपणापर्यंत ठिकठिकाणी दिसत असे, निदान तिचे टाकून दिलेले चाक तरी दिसेच. त्या चुन्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालीत. म्हणजे पाहा, सह्याद्रीच्या रानातला हिरडा आणि आपल्या कोल्हापूरचा गूळ! ज्या गुळाने आपल्या बाजारपेठेचे नाव देशभर केले, तोच गूळ भिंतींनाही धरून ठेवीत होता. मागे एका बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एका मातोश्रींनी विचारले, ‘चुन्यात अंडी घालतात म्हणे?’ प्रश्न योग्य होता. दक्षिणेत काही ठिकाणी चकचकीत गिलाव्यासाठी अंड्याचा बलक वगळून पांढरा भाग वापरीत, ही गोष्ट खरी आहे. पण ते चुन्याच्या कामाला अनिवार्य नाही. गूळ-हिरड्यावर उत्तम काम होते. किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करीत असत. ज्यांना ते मनाला पटत नाही त्यांच्यासाठी खडकातल्या चुनखडीचा चुना आहेच.

चुना किती टिकतो? सिंधुदुर्गावर जाऊन पाहावे. १६६४ ते १६६७ या काळात मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी तो किल्ला उभारला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जे ठसे तेथे भक्तिभावाने जतन केले आहेत, ते चुन्यातलेच आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे सागरी किल्ले आहेत आणि आपला पन्हाळाही आहे. आता त्यांच्या डागडुजीकडे साऱ्या जगाचे लक्ष राहील. तटाच्या भेगेत सिमेंट कोंबून वेळ मारून नेण्याचे दिवस संपले असावेत, अशी आशा आहे.

मात्र चुन्याचा भाबडा पुरस्कार मला करावयाचा नाही. चुन्याचे काम सावकाश होते. भर पावसात ते करता येत नाही, कडक उन्हात ते ओल्या गोणपाटाखाली जपावे लागते. पहिला खर्च बहुधा अधिक येतो. चांगला चुना आणि तो जाणणारा गवंडी, दोन्ही सहजासहजी मिळत नाहीत, आणि गवंड्याचा मुलगा आज त्या कामात राहू इच्छित नाही, कारण वर्षातले चार महिने हाताला काम आणि आठ महिने नाही, ही स्थिती आपणच आणली. शौचालये, विजेच्या तारा, वृद्धांसाठी कठडे या गोष्टी नव्याच कराव्या लागतात आणि कराव्यात. तुळई पूर्ण कुजली असेल तर ती बदलावीच लागते. जुने ते सर्व पवित्र, असे मी म्हणत नाही. ज्या द्रव्याने वास्तू बांधली त्याच द्रव्याने ती दुरुस्त करावी, आणि पाडण्यापूर्वी एकदा नीट तपासावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पंचगंगेकडे येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे दोन महापूर आपण सर्वांनी पाहिले. माझ्या व्यवसायातील अनेकांचा माल गेला. पूर ओसरल्यावर मी नातेवाइकांचे चार-पाच जुने वाडे हिंडून पाहिले. दगड, वीट, पांढरी माती यांच्या रुंद भिंती. ज्यांवर जुना चुना-मातीचा गिलावा होता, त्यांचा गिलावा पोपडे धरून पडला, पण दिवाळीनंतर भिंती कोरड्या झाल्या. ज्यांवर सिमेंट होते, तेथे पुढच्या उन्हाळ्यातही कंबरेएवढा ओल्याचा पट्टा कायम होता. समुद्राचे मीठ आपल्याकडे नाही, पण ओल कोंडण्याचा रोग तोच आहे. आणि या वाड्यांना ‘आता यांत काही राम नाही’ असा शेरा मारून पाडण्याचे प्रस्ताव पुरानंतरच वाढले.

आपल्या ट्रस्टच्या मालकीचा जो जुना वाडा आहे, त्याच्या जागी नवी इमारत बांधावी असा विचार सुरू आहे, हे सभासदांना ठाऊक आहे. मी त्या विचाराचा विरोधक म्हणून येथे उभा नाही. विद्यार्थ्यांची सोय झाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण एक बोचरी गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. जीर्णोद्धाराला आपल्या परंपरेत नव्या उभारणीइतकाच, किंबहुना अधिक मान आहे. आणि आज जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आपण काय केला आहे? जुने पाडायचे आणि त्या जागी संगमरवर आणायचा. जीर्णाचा उद्धार कोठे झाला? याचे एक कारण मला व्यापारी म्हणून दिसते. नव्या खोलीवर दात्याच्या नावाची पाटी बसते. कौले चाळण्यावर, वासे बदलण्यावर, गिलावा खरवडण्यावर पाटी कोठे लावणार? म्हणून नव्या बांधकामाची देणगी एका सभेत जमते आणि डागडुजीसाठी खजिनदाराला दारोदार हिंडावे लागते. रेइश मागूशच्या भिंती सावरणाऱ्या त्या लंडनच्या न्यासाला ही अडचण आली नाही. आपल्याला का यावी?

माझी विश्वस्त मंडळाला विनंती अशी आहे. पाडकामाचा ठराव वार्षिक सभेपुढे आणण्यापूर्वी एक वर्ष द्यावे. संवर्धनाचे काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडून वाड्याची तपासणी करून घ्यावी, आणि नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकाशेजारी दुरुस्तीचे अंदाजपत्रक ठेवावे. दोन्हींत पुढील तीस वर्षांची देखभाल आणि घसारा धरावा. आणि यंदाच्या उन्हाळ्यात फक्त मागच्या चौकातील उत्तरेकडची एक खोली घ्यावी. तिचा सिमेंटचा गिलावा काढावा, भिंत पावसाळ्यापर्यंत सुकू द्यावी, दिवाळीनंतर चुना लावावा आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीच्या भिंतीशी तिची तुलना करावी. त्या एका खोलीचा सर्व खर्च मी देईन. पाटी नको. गवंड्याशी बोलणे झाले आहे, तो मार्चमध्ये यायला तयार आहे.

जयजिनेंद्र.